जपानचीं युद्धचित्रें व पाहणाराचें कर्तव्य

जपानी ठशांच्या चित्रांचें नांव निघालें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें होकुसाईची ती प्रचंड लाट आणि तिच्या कुशींतून दिसणारा चिमुकला फूजी पर्वत उभा राहतो. कोणास हिरोशिगेनें काढलेला पावसांतला पूल आठवतो. हीं चित्रें पाहून जपानी माणूस म्हणजे निसर्गाचा निस्सीम भक्त असें आपलें मत बनतें, आणि तें खोटें नाहीं. परंतु त्याच लाकडी ठशांतून, तशाच कुशल कारागिरांच्या हातून, आणखी एक चित्रसृष्टि निर्माण झाली. तींत तोफांचा धूर आहे, जळतीं जहाजें आहेत, बर्फांतून चाललेल्या पलटणी आहेत. १८९४-९५ सालीं चीन व जपान यांच्यांत जें युद्ध झालें त्याचीं हीं चित्रें होत. त्यांविषयीं आम्ही येथें लिहीत आहों तें केवळ एका परदेशी कलेची माहिती द्यावी म्हणून नव्हे. युद्धाचें चित्र कसें पाहावें हा प्रश्न आज घरोघरीं येऊन ठेपला आहे, आणि त्याचा विचार करण्यास या जुन्या चित्रांइतकें चांगलें साधन आम्हांस दुसरें दिसत नाहीं.

प्रथम हीं चित्रें कशीं तयार होत तें सांगतों. एका चित्रास चार माणसें लागत: चितारी, ठसे कोरणारा, छापणारा, आणि भांडवल घालणारा प्रकाशक. चितारी पातळ कागदावर शाईनें रेखाकृति काढी. तो कागद उलटा करून रानचेरीच्या फळीवर चिकटवीत, आणि कोरणारा रेघ तेवढी उभी ठेवून बाकीचें लाकूड काढून टाकी. चिताऱ्याच्या हातचा मूळ कागद या कामांत नाहींसाच होई. मग प्रत्येक रंगासाठीं निराळा ठसा कोरीत. रंग एकावर एक बरोबर बसावे म्हणून फळीच्या कडेस दोन खुणा ठेवलेल्या असत. कागद त्या खुणांस टेकवून ठेवला म्हणजे रंग रेघेबाहेर जात नसे. शेवटीं छापणारा बांबूच्या कोंबावरील सुक्या आवरणानें मढविलेली एक गोल चकती घेऊन कागद पाठीमागून घाशी. युद्धचित्रें बहुधा तीन ताव शेजारीं शेजारीं जोडून केलेलीं असत. प्रत्येक ताव सुमारें ३८ सेंटिमीटर उंच व २६ सेंटिमीटर रुंद. म्हणजे तिन्ही मिळून अडीच फूट रुंदीचा देखावा भिंतीवर लागे. यंत्रावांचून, केवळ हातांच्या बळावर, हें काम इतक्या चपळाईनें होई कीं लढाईची बातमी आल्यावर थोड्याच दिवसांत तिचें रंगीत चित्र दुकानांत झळके.

या कलेंत वीरांचीं चित्रें पूर्वापार होतीं. मात्र तोकुगावा घराण्याच्या राज्यांत ताज्या इतिहासांतील सेनानींचीं चित्रें नांवानिशीं काढण्यास बंदी होती. १८०४ सालीं उतामारो या नामांकित चिताऱ्यानें दोनशें वर्षांपूर्वींच्या हिदेयोशीचें चित्र काढलें, तेवढ्यावरून त्याच्या हातांत बेड्या पडल्या. म्हणून चितारी दूरच्या काळांत किंवा परक्या देशांत शिरत. १८२७ च्या सुमारास कुनियोशीनें ज्या चित्रमालिकेनें नांव मिळविलें, ती एका चिनी कादंबरींतील १०८ बंडखोर वीरांच्या कथेवर रचलेली होती. अंगभर गोंदलेले, राक्षसी बळाचे, अन्यायापुढें मान न वांकविणारे हे चिनी पुरुष एदो शहरांतील, म्हणजे आजच्या तोकियोंतील, तरुणांचे लाडके झाले. त्यांच्यासारखें अंग गोंदवून घेण्याची हौसहि तेथें पसरली. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

१८६८ सालीं तोकुगावांची सत्ता जाऊन सम्राटाची राजवट आली. त्या वर्षीं उएनो येथें जी लढाई झाली तिच्यानंतर कुनियोशीचा शिष्य योशितोशी यानें एक वीरमालिका काढली. नांवें गतकालीन योद्ध्यांचीं दिलीं. परंतु त्यांतील रक्तबंबाळ देह आणि थकलेले डोळे हे उएनोच्या मृतांवरूनच सुचले असें जाणकार मानतात. तीं चित्रें पाहतांना अंगावर कांटा येतो. युद्धांत माणसास वेदना होतात हें तीं लपवीत नाहींत. योशितोशी १८९२ सालीं वारला. दोन वर्षांनीं चीनशीं युद्ध जुंपलें तेव्हां त्याचेच शिष्य तोशिकाता व तोशिहिदे हे युद्धचित्रकारांत अग्रेसर झाले. पण गुरूच्या चित्रांतील वेदना शिष्यांच्या चित्रांत क्वचितच उतरली.

तें युद्ध कोरियावरील वर्चस्वासाठीं होतें. १८९४ च्या जुलैअखेर चकमकी सुरू झाल्या, १ ऑगस्ट रोजीं युद्ध रीतसर पुकारलें गेलें, आणि १७ एप्रिल १८९५ रोजीं शिमोनोसेकी येथील तहानें तें संपलें. एवढ्या काळांत सुमारें ३,००० युद्धचित्रें निघालीं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे दररोज दहा तरी नवीं चित्रें! छायाचित्रें वृत्तपत्रांत छापण्याची सोय तेथें अद्याप रुळली नव्हती. शिवाय छायाचित्रास रंग नव्हता, आणि धांवत्या घोड्यास वा फुटत्या गोळ्यास पकडण्याची शक्तीहि फारशी नव्हती. ती उणीव ठशांच्या चित्रांनीं भरून काढली.

या चित्रांची मोहिनी लहान मुलांवर कशी पडे याचा एक विश्वसनीय दाखला आहे. पुढें थोर कादंबरीकार झालेला तानिझाकी जुनइचिरो हा तेव्हां आठ वर्षांचा होता. आपल्या बालपणाच्या आठवणींत तो सांगतो कीं तोकियोच्या निंग्योचो भागांतील एका दुकानापुढें हीं तीन तावांचीं चित्रें टांगलेलीं असत. तोशिकाता, गेक्को आणि कियोचिका यांचीं तीं असत. त्याला प्रत्येक चित्र हवेंसें वाटे. विकत मात्र क्वचितच मिळे. म्हणून तो जवळजवळ दररोज तेथें जाऊन डोळे भरून पाहत उभा राही. आमच्या बालवाचकांस त्या मुलाचें मन समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आणि खरोखर, तीं चित्रें तशींच मोह पाडणारीं आहेत. कोबायाशी कियोचिका (१८४७-१९१५) याचेंच उदाहरण घ्या. तरुणपणीं तो स्वतः १८६८ च्या तोबा-फुशिमीच्या लढाईंत पराभूत पक्षाकडून हजर होता. पुढें त्यानें तोकियोच्या रात्री, दिव्यांचे पाण्यांत हलणारे प्रकाश, बर्फ आणि आगी यांचीं अपूर्व चित्रें काढून नांव मिळविलें. तीच प्रकाशाची विद्या त्यानें युद्धचित्रांत ओतली. प्योंगयांगवरील हल्ल्याच्या त्याच्या चित्रांत विजेच्या दिव्याचा झोत अंधार चिरीत जातो. पीत समुद्रावरील लढाईच्या चित्रांत तर तो पाहणारास लाटांखालीं नेऊन बुडतें चिनी जहाज दाखवितो. रंगांची जुळणी, धुराच्या कडा, बर्फाची शांतता, यांत दोष काढण्यास जागा नाहीं. कला या दृष्टीनें या चित्रांस आम्ही मनापासून मान देतों. आमची हरकत आहे ती निराळी.

या चित्रांतील चेहऱ्यांकडे पाहा. जपानी शिपाई सारे उंच व ताठ, काळ्या युरोपीय पद्धतीच्या गणवेशांत. अधिकाऱ्यांस रुबाबदार मिशा. नाकडोळ्यांची ठेवणहि जवळजवळ युरोपीय. चिनी शिपाई मात्र भडक रंगांच्या कपड्यांत, वेण्या हवेंत उडत आहेत, तोंडें वेडींवांकडीं, कोणी पळतो आहे, कोणी पडला आहे, कोणी गयावया करितो आहे. १८९४ सालच्या कोकुनिमासाच्या एका चित्रांत जपानी सैनिक शिस्तीनें रांग धरून उभे आहेत आणि त्यांच्यापुढें गुडघे टेकविलेल्या चिनी कैद्यांचीं डोकीं उडविलीं जात आहेत. चित्रकारास त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं दिसलें नाहीं. उलट ही योग्य शिक्षा होय अशाच थाटानें त्यानें तो प्रसंग रंगविला आहे.

आतां कुनियोशीचे ते १०८ चिनी वीर आठवा. ज्या शहरांतील तरुणांनीं आपल्या अंगावर चिनी वीरांसारखें गोंदवून घेतलें, त्याच शहरांत सत्तर वर्षेंहि लोटलीं नाहींत तों चिनी माणूस म्हणजे हास्यास्पद भेकड असें चित्र घरोघरीं लागलें. जपाननें लिपि चीनकडून घेतली, कन्फ्यूशियसची नीति चीनकडून घेतली, बौद्ध ग्रंथ चिनी भाषेंतून घेतले. किंबहुना ज्या कागदावर व ज्या लाकडी ठशांनीं हीं चित्रें छापलीं, ते कागद व ठसेहि मूळचे चीनचेच. गुरूची अशी टवाळी करावयास शिष्यास किती काळ लागला? एका पिढीचा. मनुष्याचें मत शेजाऱ्याविषयीं किती लवकर फिरवितां येतें याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. आणि हें मत फिरविणारे कोणी दुष्ट लोक होते असें नव्हे. प्रकाशकास माल खपवावयाचा होता. गिऱ्हाइकास विजय पाहावयाचा होता. चितारी बहुधा तोकियोंत बसून वृत्तपत्रांतील मजकुरावरून चित्र काढी. कुबोता बेइसेनसारखा एखादा चित्रकार रणभूमीवर गेला, परंतु बहुतेकांनीं ती पाहिलीहि नव्हती.

न पाहिलेल्या प्रसंगांतून वीर कसे घडतात याची एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ऐकण्यासारखी आहे. २९ जुलै १८९४ रोजीं कोरियांत सोंगह्वान येथें जी लढाई झाली तींत एक बिगुल वाजविणारा शिपाई गोळी लागल्यावरहि बिगुल ओठांपासून दूर न करितां मरण पावला, अशी बातमी जपानांत पसरली. त्याचें नांव शिराकामी गेंजिरो असें छापून आलें. त्याच्यावर गीतें रचलीं गेलीं, चित्रें निघालीं. कांहीं काळानें सैन्याकडून खुलासा झाला कीं तो शिपाई शिराकामी नव्हे, किगुची कोहेइ होय. तेव्हां पाठ्यपुस्तकांत किगुचीचें नांव आलें, आणि जपानचीं लहान मुलें पुढें अनेक वर्षें नीतीच्या तासास त्याची गोष्ट शिकत राहिलीं. दोघेहि गरीब शिपाई त्याच लढाईंत मेले होते. त्यांच्या मरणाची थट्टा करण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. परंतु नांव बदललें तरी चित्र तेंच चाललें, यावरून चित्राला माणूस नको होता, नमुना हवा होता, हें उघड होतें. ज्या आईचा मुलगा गेला तिच्या दुःखास त्या चित्रांत जागा नव्हती.

याहून गंभीर गोष्ट पोर्ट आर्थरची. हें चिनी बंदर जपानी सैन्यानें २१ नोव्हेंबर १८९४ रोजीं घेतलें. त्या विजयाचीं चित्रें मोठ्या दिमाखानें निघालीं. परंतु शहर हातीं आल्यावर त्या सैन्यानें निःशस्त्र लोकांची व शरण आलेल्यांची जी कत्तल केली ती या विजयचित्रांत शोधून सांपडत नाहीं. जपानी शिपायांच्या छिन्नविच्छिन्न केलेल्या प्रेतांमुळें ते संतापले होते असें सांगण्यांत येतें; तें खरें असलें तरी त्या संतापाचे बळी झालेल्या नागरिकांचा त्यांत काय अपराध? जेम्स क्रीलमन या अमेरिकन बातमीदारानें तो प्रकार डोळ्यांनीं पाहून डिसेंबर १८९४ मध्यें न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत प्रसिद्ध केला, तेव्हां जगांत खळबळ उडाली आणि जपानी सरकारास खुलासे करावे लागले. निंग्योचोच्या दुकानापुढें उभ्या असलेल्या मुलांस मात्र यांतलें कांहींच दिसलें नाहीं. त्यांच्यापुढें होता तो सुंदर धूर, उगवता सूर्य आणि फडकणारें निशाण. त्या चित्रांतील प्रत्येक रेघ कौशल्याची होती. असत्य होतें तें न काढलेल्या रेघांत.

तथापि सर्वच चित्रांस एका मापानें मोजणें अन्यायाचें होईल. फेब्रुवारी १८९५ मध्यें वेइहाइवेइ येथें चिनी आरमाराचा पाडाव झाला आणि त्याचा सेनापति डिंग रुचांग यानें विष घेऊन प्राण दिला. तोशिकातानें त्याच्या अखेरच्या घटकेचें चित्र काढलें आहे. तेथें चिनी माणूस विदूषक नाहीं. हरलेला, एकाकी, पण स्वतःची प्रतिष्ठा न सोडणारा असा एक पुरुष तेथें आहे. तीन हजारांच्या गर्दींत अशीं चित्रें थोडीं. पण त्यांवरून इतकें सिद्ध होतें कीं शत्रूस माणूस म्हणून पाहणें त्या काळींहि अशक्य नव्हतें. कुंचल्यांत ती शक्ति होती. बाजारांत तिला मागणी नव्हती.

जी गोष्ट चित्रकारांची तीच विचारवंतांची. उचिमुरा कांझो हा जपानांतील एक अत्यंत सत्त्वशील ख्रिस्ती शिक्षक व लेखक. १८९४ सालीं त्यानेंहि हें युद्ध न्यायाचें आहे असें इंग्रजींत लिहून जगापुढें मांडलें. कोरियाच्या स्वातंत्र्यासाठीं आपलें राष्ट्र लढत आहे अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा होती. युद्धानंतर काय झालें हें पाहून त्यास आपल्या लेखाची लाज वाटूं लागली. १९०३ सालीं रशियाशीं युद्ध करावें असा धोशा सुरू झाला तेव्हां त्यानें उघडपणें विरोध केला, आणि आपलें वृत्तपत्र युद्धाच्या बाजूस झुकलें म्हणून तेथील नोकरी सोडली. मोठा माणूस चुकतो, परंतु चूक उमजल्यावर ती बोलून दाखवितो आणि तिची किंमतहि देतो. असा एक मनुष्य शंभर विजयचित्रांहून आपल्या राष्ट्राची अधिक सेवा करितो असें आमचें मत आहे.

आमच्या देशाचा या प्रकरणाशीं संबंधच नाहीं असें कोणी म्हणूं नये. १९०४-०५ सालीं जपाननें रशियास हरविलें तेव्हां हिंदुस्थानांत मोठा आनंद झाला, आणि महाराष्ट्रांतील वृत्तपत्रेंहि त्यांत मागें नव्हतीं. युरोपांतील बलाढ्य सत्तेस आशियांतील राष्ट्र नमवूं शकतें, ही बातमी पारतंत्र्यांत असलेल्या लोकांस संजीवनीसारखी वाटली यांत नवल नाहीं. परंतु ज्या कोरियाच्या स्वातंत्र्याची ग्वाही शिमोनोसेकीच्या तहाच्या पहिल्याच कलमांत दिली होती, तो कोरिया जपाननें १९१० सालीं आपल्या साम्राज्यांत विलीन करून टाकला. आमच्याकडे ज्या विजयाचे गोडवे गाइले गेले त्याच विजयानें दुसऱ्या एका आशियाई लोकांस पारतंत्र्यांत लोटलें. विजयाचें चित्र दुरून पाहणाराससुद्धां फसवितें तें असें.

रशियाशीं झालेल्या युद्धाच्या वेळीं छायाचित्रें व सचित्र टपालपत्रें पुढें आलीं आणि ठशांच्या युद्धचित्रांचा बहर ओसरला. जुनीं चित्रें आतां अमेरिकेंत बॉस्टन व सेंट लुइस येथील कलासंग्रहांत जपून ठेविलेलीं आहेत. पण चित्रांनीं पेरलेलें बीं दुकानाबरोबर बंद होत नाहीं. १८९४ सालचीं आठ वर्षांचीं मुलें १९४५ सालीं साठीला पोंचत होतीं. त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत एका रात्रीच्या बाँबवर्षावांत तोकियोंतील सुमारें एक लाख माणसें मेलीं. त्यांत आजोबा होते आणि नातवंडेंहि होतीं. आणि त्या दुकानापुढें उभा राहणारा तो मुलगा? तानिझाकी १९४३ सालीं चार बहिणींच्या संसाराची एक सौम्य कादंबरी मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध करूं लागला, तेव्हां युद्धकाळास हें लेखन शोभत नाहीं म्हणून लष्करी अधिकाऱ्यांनीं तें बंद पाडलें. ज्या देशांत युद्धाचें चित्र मुलांस मुबलक मिळत होतें, त्या देशांत अखेर घरांतील चार बहिणींच्या गोष्टीस जागा उरली नाहीं.

मग काय करावें? मुलांस असलीं चित्रें दाखवूंच नयेत असें कांहीं पालक म्हणतील. आम्हांस तें पटत नाहीं. आज युद्धाचें चित्र दुकानांत टांगलेलें नसतें. तें मोबाइलवर, हलतें-बोलतें, क्षणांत मुलाच्या हातीं येतें. डोळ्यांवर पट्टी बांधून हें संकट टळणार नाहीं. दुसरे कोणी म्हणतील, कला ती कला, तींत नीति शोधूं नये. तेंहि आम्हांस मान्य नाहीं. कारण हीं चित्रें शेजाऱ्याविषयीं मत बनविण्याचें काम करीत होतीं, आणि जो मत बनवितो त्यास जाब विचारणें रास्तच आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं चित्र पाहावें, त्यांतील कौशल्याचें कौतुक करावें, आणि मग त्यास तीन प्रश्न विचारावे. हें चित्र काढणाऱ्यानें हा प्रसंग पाहिला होता काय? हें खपल्यानें कोणाचा लाभ होत होता? आणि या चित्राच्या चौकटीबाहेर कोण उभें आहे, ज्याचा चेहरा आपल्याला दाखविलेला नाहीं?

हे प्रश्न मुलांस शाळेंत शिकवावे हें तर खरेंच. परंतु संध्याकाळीं घरीं, बातम्या चालू असतां, आई-बापांनीं ते मोठ्यानें विचारिले तर त्यांचा संस्कार अधिक खोल जाईल. जी शिकवण आमच्या शाळेच्या पायाशीं आहे ती वैऱ्यासहि शेजारी मानावयास सांगते. असें मानणें सोपें नाहीं. त्याचा पहिला धडा मात्र अगदीं लहान मुलासहि गिरवितां येण्यासारखा आहे: चित्रांत जो पडलेला दाखविला असेल त्याच्या चेहऱ्याकडे थोडा वेळ पाहावें, आणि त्याचेंहि घर कोठें तरी असेल, तेथें त्याची कोणी तरी वाट पाहत असेल, हें मनांत आणावें.